अंगावरचे दोरे

नर्सच्या खिशात एक कात्री असते. तिचं खालचं पातं टोकाला चपटं आणि बोथट असतं, बँडेजखाली सरकवलं तरी कातडीला लागू नये म्हणून. आमच्या वेळी ही कात्री मिळाली की पहिल्या वर्षाची मुलगी दिवसातून वीसदा खिसा चाचपून बघायची. मीही बघायची. १९७८ साल, मुंबईतलं मोठं रुग्णालय, पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड, आणि गावाहून येऊन मला जेमतेम सहा महिने झालेले.

त्या सकाळी यादीत हर्नियाचा एक पेशंट होता. माथाडी कामगार, चाळिशीचा, आमच्याच साताऱ्याकडचा. त्याची तयारी माझ्याकडे. कपडे उतरवून हिरवा गाउन चढवला आणि कमरेला काळा करदोटा दिसला. घामातेलाने कडक झालेला, मधे एक बारका ताईत. थिएटरमध्ये जाताना अंगावर काही ठेवायचं नाही, हे आम्हाला पाढ्यासारखं पाठ होतं. मी पातं आत सरकवलं, कच्चकन कापलं आणि दोरा किडनी ट्रेमध्ये टाकून दिला. पाच सेकंदांचं काम.

तो काही बोलला नाही. भर रस्त्यात धोतर सुटावं तसे त्याने दोन्ही हात कमरेशी नेले आणि तिथेच धरून ठेवले. थोड्या वेळाने नाडी मोजली तर एकशे वीसच्या वर. मी केसपेपरवर लिहिलं, ‘पेशंट अँक्शस’. आमचं इंग्रजी तेवढंच होतं आणि तेवढ्यावर भागत होतं.

त्याची बायको डबा घेऊन आली. तिची नजर ट्रेवर गेली. आरडाओरडा नाही, काही नाही. माझ्या दंडाला हात लावून हळूच म्हणाली, “पोरी, ह्यो दोरा माणूस गेल्यावर तोडत्यात गं.”

आमची इन्चार्ज सिस्टर वसईची ख्रिस्ती बाई होती. पन्नाशीची, गळ्यात बारीक क्रूस, बोलणं मोजकं. तिने मला काही विचारलं नाही. थिएटरमधून टाके घालायचा उरलेला काळा सिल्क मागवला, तो तिहेरी करून त्याला पीळ घातला, ट्रेमधला ताईत पुसून त्यात ओवला आणि दोरा त्या बायकोच्या हातात दिला. मग पेशंटला म्हणाली, “चीर कमरेखाली आहे, म्हणून ऑपरेशन होईपर्यंत मनगटाला बांधू का? उद्या परत कमरेला बांधा.” त्याने मान हलवली. बायकोने गाठ मारली. सिस्टरने मला पुन्हा नाडी मोजायला लावली. शंभरच्या खाली आली होती.

दुपारी लिनन मोजताना ती एवढंच म्हणाली, “विचारलं असतंस तर त्यानेच सोडून दिला असता. सोडणं वेगळं, कापणं वेगळं.”

मला खरी लाज वाटली ती नंतर, हॉस्टेलच्या कॉटवर. करदोटा मला नवा नव्हता. माझ्या वडिलांच्या कमरेला होता, भावांच्या होता. नाक्यावरच्या दुकानातून पाच पैशांना मीच आणून द्यायची. कुणा परमुलखातल्या माणसाची रीत माहीत नसल्याने हात चुकला असता तर गोष्ट वेगळी. इथे तर माझ्याच घरातला दोरा मी ओळखला नव्हता. पांढरा युनिफॉर्म अंगावर चढला आणि सहा महिन्यांत मी एका दुसऱ्याच जातीची झाले. त्या जातीची भाषा वेगळी, सोवळंओवळं वेगळं, देव वेगळे. तिच्यात जन्मणाऱ्याला तीन वर्षं लागतात आणि मग ती आयुष्यभर सुटत नाही.

पुढे छत्तीस वर्षं वॉर्ड पाहिले. पहाटेच्या स्पंज बाथला माणसाचं जे दिसतं ते त्याच्या सोयऱ्यांनाही दिसत नाही. वॉर्डात सगळ्यांना एकच गाउन, एकच चादर, लोखंडी कॉट, नंबर. पण गाउनची नाडी सोडली की आत दोरे असतात. जानवं. अजमेरहून आणलेला लाल धागा. दंडावरचा तावीज, मेणकापडात शिवलेला. अंगारा बांधलेली पुरचुंडी. वारकऱ्याची तुळशीची माळ, जी पुढे करताना म्हातारा आधी मण्याला कपाळ लावायचा. एका पारशी आजीची कुस्ती मला आठवते. मेंढीच्या लोकरीची, पांढरी, बहात्तर पदरांची, कमरेला तीन वेढे. मी हात पुढे करताच आजी म्हणाली, “तू नको, मी.” बसवून घ्यायला लावलं, हात धुवायला पाणी मागितलं, पुटपुटत गाठी सोडल्या, घडी केली आणि उशीखाली ठेवली. कुस्ती दिवसातून कितीदा तरी सोडायची आणि बांधायचीच असते. म्हणजे सोडायला तिची ना नव्हतीच. सोडणारा हात कुणाचा, एवढाच प्रश्न होता.

आणि मंगळसूत्र. ऑपरेशनमध्ये विजेची कॉटरी लावताना अंगावर धातू नको, भाजण्याचा धोका असतो. नियम अगदी बरोबर आहे. पण हे ऐकल्यावर बाईचा हात गळ्याशी जातो तो जातोच, मग ती शाळामास्तरीण असो की भाजीवाली. “ते थोडा वेळ बाजूला आहेत” असं काहीतरी बोलून हसतातही, आणि डोळे भरलेले. आमच्याकडे पोत तुटली की गाठवून होईपर्यंत दोऱ्यात हळकुंड ओवून गळ्यात बांधायची पद्धत आहे. मी गॉजचा दोरा काढून त्यात हळकुंड बांधायला सुरुवात केली. भूलतज्ज्ञ आधी हसले, मग सवयीने बघेनासे झाले. अर्थात प्रत्येकीला ते नको असतं. एक वकील बाई म्हणाल्या, “सिस्टर, ते काढा आणि ड्रॉवरमध्ये ठेवा, मला काही फरक पडत नाही.” बरं. काढलं आणि ठेवलं.

अशा वस्तूंसाठी मी एक डबी केली. बिस्किटांची पत्र्याची. तिच्यात काळा सिल्क, हळकुंडं, सेफ्टी पिना, गंगाजलाची छोटी बाटली, नमाजाची दिशा विचारणाऱ्यांसाठी एक होकायंत्र, पाचवीच्या रात्री सटवाई लिहायला येते म्हणून बाळंतिणीच्या उशाला ठेवायला कोरा कागद नि पेन्सिल. तिजोरीच्या किल्ल्यांपेक्षा या डबीची मावशींना जास्त काळजी. हा माझा मोठेपणा म्हणून सांगत नाही. डबीने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं, ते पुढे येईल.

त्याआधी दुखण्याच्या शब्दांचं सांगते. माझ्याबरोबर एक मल्याळी सहकारी होती. मुंबईचे वॉर्ड ज्यांच्या खांद्यावर उभे आहेत त्यांच्यापैकी एक. तिच्या भाषेत दुखण्याला ‘वेदना’ म्हणतात, जवळजवळ आपलाच शब्द. तिला वाटलं, चला, एक शब्द तरी शिकायला नको. ती पेशंटला विचारायची, “वेदना आहे का?” आणि जुन्नरचा शेतकरी तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. वेदना आपल्याकडे कवितेत होते आणि श्रद्धांजलीच्या भाषणात. अंगात होतं ते दुसरंच. कळ येते, चमक भरते, ठणका लागतो, ठसठसतं, सलतं, हुळहुळतं, रवरवतं, पोटात गोळा फिरतो, पाय वळतात, हाडं मोडून येतात. ‘कणकण’ म्हणजे काय हे तिला समजावताना माझी दमछाक झाली. ताप आहे का? थर्मामीटरवर नाही. मग नाही का? आहे ना. तिने वहीच्या मागे मल्याळम लिपीत हे शब्द लिहून घेतले, समोर कुठला म्हणजे काय ते. एका रात्री एक बाई “छातीत जडजड वाटतंय, भरून आल्यासारखं” म्हणाली. आमच्या नव्या डॉक्टरांनी तिला धीर दिला, रडू येत असेल म्हणून. मल्याळी सिस्टरने वही न उघडता ईसीजीचं मशीन ढकलत आणलं. तिला मराठी परकी होती म्हणूनच ती प्रत्येक शब्द वजन करून घेत होती, असं मला आजही वाटतं.

पुस्तकांचा देह कुणाचा असतो, हेही उशिरा कळलं. नवजात बाळाला गुण देण्याची पद्धत व्हर्जिनिया अपगार या अमेरिकन भूलतज्ज्ञ बाईंनी बसवली, १९५३ मध्ये ती छापून आली. पाच खुणा, प्रत्येकीला शून्य ते दोन. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, प्रतिसाद आणि रंग. रंगाला पूर्ण गुण कधी? तर बाळ सगळं गुलाबी असेल तेव्हा. आमच्या लेबर रूममधल्या तक्त्यावरचं बाळही गोरंगोमटं होतं. जुन्या सिस्टर आम्हाला तक्ता दाखवायच्या आणि मग बाळाचा ओठ खाली ओढायच्या, जीभ बघायच्या, तळहात, तळपाय. “आपल्या पोरांचं गुलाबी इथं असतं.” अंथरुणावर पडून राहिलेल्याला बेडसोर व्हायच्या आधी कातडी लाल होते, असं पुस्तक सांगतं. सावळ्या पाठीवर ती लाल दिसत नाही, हाताला गरम आणि घट्ट लागते. कोविडच्या काळात घरोघरी बोटाला जो चिमटा लागला, तो काळ्या कातडीवर ऑक्सिजन खरा आहे त्याहून जास्त दाखवू शकतो, असं २०२० साली अमेरिकेतल्या अभ्यासात निघालं. कृष्णवर्णीयांच्या बाबतीत अशी चूक गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा होत होती. चिमट्याला कसली आली जात, असं आपल्याला वाटतं. (आणि बाहेर बाकड्यावर बसलेल्या आज्यांचा पहिला प्रश्न काय असायचा? “रंग कसाय वो?” तो प्रश्न मात्र अपगारसाठी नसायचा.)

सगळेच दोरे जपण्यासारखे असतात असं मी मानत नाही. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला तापलेल्या विळ्याने डागतात, डंबा म्हणतात त्याला. तिथे कसलं विचारणं? बाळाचा जीव आधी, आणि मग आजीशी भांडण न करता बोलणं, कारण पुढचं बाळही तिच्याच मांडीवर येणार असतं. आपल्या सुशिक्षित घरांतलंही एक सांगते. म्हशीचा चीक आला की गल्लीभर खरवस वाटायचा, वेलची-जायफळ घालून. आणि बाळंतिणीचा चीक, तो पिवळा, दाट, बाळाच्या पहिल्या तासातला, तो पिळून टाकायचा, का, तर बाधतो. मी एका सासूबाईंना विचारलं, “पारडूला चीक देता की नाही?” म्हणाल्या, “न दिला तर पारडू जगंल का?” पुढचं मी काही बोलले नाही. त्यांनीच नातवाला उचलून सुनेच्या पदराखाली दिलं.

आता तो तोंडघशी पडल्याचा किस्सा. मेडिसिनच्या वॉर्डात एक म्हातारबाबा शेवटच्या घटका मोजत होते. केसपेपरवर धर्माच्या रकान्यात ‘हिंदू’ लिहिलेलं. खिडकीवरच्या कारकुनाने न विचारता भरलेलं, हे मला नंतर कळलं. आडनाव आमच्या गावच्या गल्लीतलंच. रात्रीचे दोन. मी पडदा ओढला, डबी आणली, बाटलीचं बूच काढलं. मनात कुठेतरी शाबासकीही दिली असेल स्वतःला. मुलगा उठून उभा राहिला. “सिस्टर, राहू द्या. आम्ही बौद्ध आहोत.” आवाजात राग नव्हता. तो पुढे म्हणाला, “बाबा छप्पन साली नागपूरला होते. वीस वर्षांचे.” मग त्याने आणि त्याच्या बहिणीने बापाच्या कानाशी वाकून त्रिशरण म्हटलं, अगदी हळू, शेजारच्या कॉटवरचा माणूस उठू नये म्हणून. मी बूच हातात धरून उभी.

१४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा घेताना जे पाणी त्या माणसाने मागे सोडलं, ते मी त्याच्या शेवटच्या श्वासाला घेऊन गेले होते. करदोट्याच्या वेळी मी न विचारता काढून घेतलं होतं. या वेळी न विचारता देत होते. देणाऱ्याची चूक दिसत नाही, तिला प्रेमळपणाचं कव्हर असतं, म्हणून ती जास्त काळ टिकते.

माझी भाची ऑकलंडला नर्स आहे. तिथे नोंदणी मिळवताना तिला जे शिकावं लागलं त्याबद्दल ती फोनवर सांगत होती. मॅडेलिन लायनिंजरचं नाव मी ट्रेनिंगच्या पुस्तकात ऐकलेलं. अमेरिकन नर्स, मानववंशशास्त्रात डॉक्टरेट केलेली, न्यू गिनीत गॅडसप लोकांत जाऊन राहिलेली. परक्यांच्या रीती नर्सने शिकाव्यात, हा विचार तिचा. न्यूझीलंडमध्ये मात्र गोष्ट दुसऱ्या टोकाकडून सुरू झाली. १९८८ मध्ये क्राइस्टचर्चच्या एका सभेत पहिल्या वर्षाची एक माओरी विद्यार्थिनी उभी राहिली. तुम्ही कायद्याच्या सुरक्षिततेबद्दल बोलता, औषधांच्या बोलता, आमच्या संस्कृतीच्या सुरक्षिततेचं काय, असं तिचं म्हणणं. इरिहापेती राम्सडेन या माओरी नर्सने ते उचलून धरलं आणि १९९२ मध्ये तिथल्या नर्सिंग कौन्सिलने त्याला अभ्यासक्रमात जागा दिली. त्यात परक्यांच्या रीतींची यादी पाठ करायची नसते. आधी स्वतःकडे बघायचं, आपण कुठल्या घरातून, कुठल्या सत्तेच्या बाजूने या कॉटपाशी आलो ते. आणि शुश्रूषा नीट झाली की नाही हे पेशंटने ठरवायचं. मला वसईची सिस्टर आठवली. तिने कुठलंही पुस्तक न वाचता गाठ स्वतः मारली नव्हती, बायकोला मारायला दिली होती.

मग भाची म्हणाली, “मावशी, यांच्यात वारेला आणि जमिनीला एकच शब्द आहे. फेनुआ. बाळ झालं की वार घरी नेऊन आपल्या जमिनीत पुरतात.” तिच्या वॉर्डात त्यासाठी डबे ठेवलेले असतात आणि प्रत्येक आईला विचारतात, न्यायची का?

मी गप्प झाले. माझी वार गावच्या घराच्या न्हाणीमागे पुरलेली आहे. आजीने जागा दाखवली होती, तिथे अळू माजलेलं असायचं. आपण ‘नाळ जोडलेली आहे’ असं भाषणात म्हणतो, पण मूळची ती भाषणातली गोष्ट नव्हे, न्हाणीमागच्या ओल्या मातीतली आहे. आणि मी स्वतः किती वारा पिवळ्या पिशवीत टाकल्या असतील? नियमच आहे तसा, संसर्गाचा, आणि तो उगीच केलेला नाही. पालघरकडच्या एका सासूने एकदा दारातून विचारलं होतं, “वार कुटं हाय?” मी म्हटलं, “गेली.” ती जरा वेळ उभी राहिली आणि मग बाळाकडे गेली. मी तिला काय म्हणायला हवं होतं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. नियम मोडला नसताच. पण ‘गेली’ या शब्दापेक्षा बरा शब्द सापडला असता.

आपल्याकडेही असं विचारणारे निघाले आहेत. गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गोंड लोकांना विचारलं, दवाखान्यात का येत नाही? तेव्हा लोकांनी पांढऱ्या कपड्यांचंही नाव घेतलं. मेलेल्याला आम्ही पांढऱ्यात गुंडाळतो, आणि तुम्ही तेच घालून जगवायला निघालात! मग तिथला दवाखाना त्यांच्या झोपड्यांसारखा झाला, नातलग सोबत राहतील असा, आणि नाव दंतेश्वरीचं. हे वाचलं तेव्हा मी माझ्या कपाटातल्या इस्त्रीच्या पांढऱ्या साड्यांकडे जरा निराळ्या नजरेने पाहिलं. मी त्या किती अभिमानाने स्टार्च केल्या होत्या.

निवृत्तीच्या दिवशी चार्ज दिला. डेड स्टॉक रजिस्टर उघडून नवी इन्चार्ज एकेक वस्तू टिक करत होती. बीपी यंत्रं चार, त्यातलं एक बिघडलेलं. स्टूल अकरा. बेडपॅन. पडद्यांचे स्टँड. तिजोरीच्या किल्ल्या. ती नंदुरबारची, अंगाने काटक, शिस्तीची. ड्रॉवर उघडला तेव्हा डबी निघाली. तिने झाकण काढलं, हळकुंड हुंगलं, होकायंत्र हलवून बघितलं, गंगाजलाची बाटली उजेडात धरली.

“हे कुठे लिहायचं?”

“रजिस्टरला नाही ते. माझं आहे.”

“नेणार?”

मी नाही म्हटलं. तिने थोडा विचार केला. मग गळ्यात हात घालून, ब्लाउजच्या आतून, एक लहानसा काळा दोरा ओढून बाहेर काढला, मला दाखवला आणि परत आत सारला. त्यावर आम्ही दोघी काही बोललो नाही. तिने पेनचं टोपण उघडलं आणि शेवटच्या ओळीखाली सुवाच्य अक्षरात नोंद केली: डबी, पत्र्याची, १. आत दोरे.